बाणाचा ण

आमच्या घरात एका उन्हाळ्यात चुका बरोबर आहेत की नाहीत ते तपासायचं काम चाललं होतं. हसू नका. खरंच चुकाच तपासत होतो आम्ही, आणि त्या बरोबर असायला हव्या होत्या. एखादी चूक सुधारलेली सापडली की आमचे हे कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरे देवा, हीसुद्धा शुद्ध करून ठेवली!"

त्याचं असं झालं. वाशीत तेव्हा नव्या कॉलनीच्या इमारती उठत होत्या आणि आम्हाला तळमजल्याची जागा मिळाली होती. हे सारसोळ्याकडच्या शाळेत मास्तर. सायकलवरून जायचे. वर्गातली बरीचशी पोरं कोळ्या-आगऱ्यांची. पोरं हुशार, पण वहीत लिहिणार 'पानी', 'कोन', 'लोनी'. नोकरी करता करता ह्यांनी एम.एड.ला नाव घातलं होतं आणि त्यासाठी प्रबंध लिहायचा होता. विषय काय घेतला, तर ह्याच पोरांच्या लिहिण्यातल्या चुका. हे म्हणायचे, "पोरगं 'पानी' लिहितं तेव्हा ते चुकत नाही गं. ते आईचं ऐकून लिहितं." आणि ज्या पोरांनी ह्या 'न'पायी कुठंतरी छड्या खाल्लेल्या, ती घाबरून सगळीकडेच ण घालायची. मणुष्य. वणस्पती. देवाला माणतो. हे त्या चुका अशा हौसेने जमवायचे, जशी दुसरी माणसं तिकिटं जमवतात.

मला हे ऐकून बरं वाटायचं, कारण मीही त्या पोरांतलीच. माझं माहेर उरणच्या अंगाला, मिठागराच्या कडेचं. चौथीत शाळा सुटली. पुढचं सगळं वाचन किराणा बांधून यायचा त्या कागदांवरचं. अर्धी गोष्ट गुळाच्या पुडीला आणि उरलेली कधीच नाही. ह्यांचं गावही खाडीकाठचंच, पण ते ट्रेनिंग कॉलेजात राहून आले आणि त्यांच्या जिभेला ण बसला. माझ्या जिभेला तो पाहुण्यासारखा. सावकाश बोलले, नीट बोलावलं, तर यायचा. घाईत, रागात, कधी निघून गेला ते कळायचंही नाही.

तर प्रबंध लिहून झाला आणि टाइपला दिला चेंबूरला. मराठी टाइप करणारा तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हता, बसने खाडी ओलांडून जायला लागायचं. तो टायपिस्ट मोठा मानी. पानं आली ती बघतो तर काय, एका रकान्यात पोरांनी लिहिलेले शब्द आणि समोरच्या रकान्यात शुद्ध शब्द असे तक्ते होते, त्यात दोन्हीकडे सारखंच. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी.

"दोनी बाजूला पानी आनि मधी रेघ," मी म्हटलं. "हा तर आपला खाडीपूल झाला."

हे तस्से उलटे गेले. तर टायपिस्ट म्हणतो, "मास्तर, माझ्या मशीनमधून आजवर अशुद्ध बाहेर पडलेलं नाही. लोक मला काय म्हणतील?" शेवटी कुरकुरत त्याने पुन्हा टाइप केलं, पण बोटांना सवय ना. मधेच एखादी चूक सुधारायचा, आणि चिडून की काय, जिथं शुद्ध हवं तिथं स्वतःची नवी चूक करायचा. म्हणजे आता प्रत्येक शब्द ताडून बघणं आलं. कार्बनच्या प्रती धरून तीन प्रती.

आणि इथं माझी गरज लागली.

रीत अशी होती. ह्यांच्या हस्ताक्षरातली पानं मी मोठ्याने वाचायची आणि ह्यांनी टाइप केलेल्या पानावर बोट ठेवत यायचं. नुसते शब्द वाचून चालत नाही, वेलांट्यासुद्धा वाचायच्या. 'विद्यार्थी, पहिली, दुसरी.' स्वल्पविराम म्हणायला फार लांबलचक, म्हणून मी त्याला 'थांब' म्हणायचे आणि पूर्णविरामाला 'बस'. टायपिस्टने शब्द गाळलेला असला की हे म्हणायचे, "परत वाच." मी परत वाचलं की हे त्या जागी ओळीखाली छोटंसं छप्पर काढायचे आणि वर राहिलेले शब्द पेनाने लिहायचे. "परत वाच" म्हटल्याशिवाय एक अक्षर वाढवायचे नाहीत. फार काटेकोर.

शाळेला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाली, मुलं बाहेर खेळायला पळाली, की आम्ही बसायचो. लोखंडी घडीच्या दोन खुर्च्या, मधे टेबल, पंखा लावायचा नाही कारण कागद उडतात. घामाच्या धारा. पण तुम्हाला सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, ह्या माणसाने समोर बसून माझा शब्द न् शब्द कान देऊन ऐकलाय असं त्याआधी कधी झालंच नव्हतं. भाजी काय आणू, हे विचारलेलंसुद्धा निम्मं ऐकायचे. आणि आता मी 'थांब' म्हटलं की थांबत होते! मला त्या प्रबंधातलं फारसं काही कळत नव्हतं. मला ती खुर्ची आवडली होती.

मग तक्त्यांची पानं आली.

"पानी," मी वाचलं.

"कोणतं?"

"कोनतं म्हंजे? प्यायचं."

"अगं, ण का न?"

पहिल्यांदा दोघंही हसलो. मग प्रत्येक शब्दाला तेच व्हायला लागलं, तेव्हा हसणं आटलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी एकट्याने पुन्हा बघितलं तर कितीतरी सुटलेलं. पान मिटून हे म्हणाले, "उद्यापासून वरच्या बाईंना विचारून बघतो. त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत."

स्वच्छ! शब्द बघा कसा निवडला.

"माझे काय मळके हायत?" मी म्हटलं. "मीपन दात घासते."

"तसं नाही गं."

"मंग कसं?"

हे कागद गोळा करायला लागले.

वरच्या बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावर भावाकडे राहायच्या त्या. देशावरच्या, लग्न व्हायचं होतं, वाशीतल्याच एका शाळेत मराठी शिकवायच्या. मला वहिनी म्हणायच्या, ह्यांना सर. वयाने माझ्यापेक्षा लहान, म्हणून इथं मी तिला 'ती'च म्हणते. मनात मात्र तिचं नाव मी ठेवलं होतं णबाई.

णबाई आली आणि माझ्या खुर्चीत बसली. तिला कोण सांगणार ही खुर्ची कुणाची ते. कानावर लाल पेन्सिल खोचलेली. खोडायची खूण वेगळी, जोडायची वेगळी, अक्षर उलटं करायची वेगळी, सगळ्या तिला पाठ. आणि वाचायला लागली की, काय सांगू, तिला पहिली-दुसरी म्हणायची गरजच पडायची नाही. तिची वेलांटी कानालाच कळायची. माझा 'थांब'सुद्धा नको. तिचा आवाजच थांबायचा. आणि तिचा तो ण! घागरीत खडा पडावा तसा. 'पाणी' म्हणाली की तहान लागावी.

मी स्वयंपाकघरात. डाळ निवडत होते म्हणा, पण खडे कुठले दिसतायत! माझे दोन्ही कान बाहेर. हे मधूनच "वा" म्हणायचे. मला एकदाही वा म्हणाले नव्हते. एकदा दोघं इतकं हसले, इतकं हसले, की मी पदराला हात पुसत बाहेर आले. मला बघून गप्प नाही झाले, हेच जास्त लागलं. गप्प झाले असते तर काहीतरी आहे म्हणून भांडता तरी आलं असतं.

ती वर गेल्यावर मी विचारलं, "आज फार हसत व्हते?"

"अगं, तो 'वणस्पती' आला ना. एका पोरानं डालड्याच्या डब्यावर बघून लिहिलंय, आणि डब्यावरचंही सुधारून ठेवलंय!"

"मी वाचलं तवा नाय हसलात."

हे म्हणाले, "तू 'वनस्पती' वाचलंस. मला कळलंच नाही तिथं चूक आहे."

म्हणजे बघा. पोराने घाबरून केलेली चूक माझ्या तोंडात येऊन बरोबर होत होती. सगळ्या जगात त्या पोराची चूक बरोबर करणारी मी आणि तो चेंबूरचा टायपिस्ट, दोघंच.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या वेळेला मी तव्यावर सुकट टाकली. मुद्दाम. दुपारचं सुकट भाजायचं काही कारण नव्हतं. ती मंडळी शाकाहारी, म्हटलं वासाने जाईल उठून. खिडकी लावून घेतली, पंखा तर बंदच. धूर बाहेरच्या खोलीत नीट गेला. हे खोकले. तिचा आवाज आला, "वहिनी, काय भाजताय?"

"सुकट. त्रास होतोय का? होत असंल तर..."

"छे हो! मला आवडतो वास. आमच्याकडे चालत नाही ना, म्हणून कधी कधी गॅलरीत उभं राहून तुमच्याकडचा घेते. दादाला सांगू नका."

आता काय करणार? ती वाईट असती तर किती बरं झालं असतं. उलट मीच तिला वाटीत थोडी चटणी करून दिली, आणि तिने डोळे मिटून, नाकातून पाणी काढत खाल्ली. हे बघत होते. मला तिच्या खाण्याचाही हेवा वाटला. मी सुकट खाताना कुणी कौतुकाने बघितलेलं मला आठवत नाही.

त्या दिवसांत मी ण घोकत होते. कपडे पिळताना, कणीक मळताना. बाण. खाण. घाण. जीभ उलटी करून टाळ्याला लावायची, मागे. एकेकटा शब्द छान यायचा. आरशासमोर तर मी णबाईपेक्षा बरी म्हणायचे. पण किराण्याच्या पुडीचा कागद घेऊन सलग वाचायला लागले की तिसऱ्या ओळीला पाहुणा पळाला.

मग एका दुपारी ती आली ती घाईतच. गावाहून निरोप होता, तिला बघायला मंडळी येणार होती, संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. इकडे प्रबंध दुसऱ्या दिवशी बांधायला टाकायचा होता. शेवटचे तक्ते राहिलेले, आणि सगळ्यात मागून लिहिलेलं एक पान, ते तर टायपिस्टकडून त्याच सकाळी आलेलं.

"सर, एवढं वहिनी वाचतील ना?" ती म्हणाली आणि कानावरची लाल पेन्सिल काढून तिने माझ्यापुढे धरली.

मी हात मागे घेतला. "मला ण येत नाही, बाई."

"येत नाही कसा? आत्ता म्हणालात की."

"एकटा येतो. घोळक्यात हरवतो."

ती हसली, पेन्सिल टेबलावर ठेवली आणि गेली. तिला बघायला येणाऱ्यांनी तिला पसंत करावं, ताबडतोब करावं आणि लांब कुठंतरी न्यावं, असं मी देवाजवळ त्याच मिनिटाला मागितलं. तिच्या भल्यासाठीच म्हणा.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये मग. तूच बस आता."

ह्या 'तूच'मध्ये किती अर्थ असतात ते बायकांना विचारा. कुणी नाही म्हणून तू. मी आमटी ढवळत होते, तशीच पळी हातात घेऊन बाहेर आले आणि बसले. खुर्ची तिच्या बाजूने थोडी सरकलेली होती. ती आधी सरळ केली.

तक्ता पुढे ओढला. पहिलाच शब्द लोणी. पोराने लिहिलेलं लोनी. जीभ अडली. ह्यांचं बोट पानावर वाट बघत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो धीर धरल्याचा भाव, जो मला मुळीच सोसत नाही. मी पळी उचलली आणि टेबलावर आपटली. टक्.

"काय झालं?" हे दचकले.

"टक् म्हंजे बाणाचा. टक् नाही म्हंजे नळाचा. आता मी कसापन बोलीन, तुमी पळी ऐका."

ह्यांनी बोट पुन्हा पानावर ठेवलं. मग म्हणाले, "वाच."

आणि काय वाचलं म्हणता! लोनी. लो-टक्-नी. कोन. को-टक्-न. म-टक्-नुष्य, बस. पळीची आमटी टेबलावर उडत होती, ह्यांनी तिन्ही प्रती उचलून मांडीवर घेतल्या. टायपिस्टने सुधारून ठेवलेल्या चुका एकामागून एक सापडायला लागल्या. एकेका टक्ला हे "हां!" म्हणायचे. एकदा तर "वा" म्हणाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण ऐकलं.

तक्ते संपले. राहिलं ते शेवटचं पान. वर नाव होतं ऋणनिर्देश. मी आधी कधी बघितलं नव्हतं ते. ऋ-टक्. मार्गदर्शक सरांचे आभार, थांब. हेडमास्तरांचे आभार, थांब. शाळेतल्या मुलांचे आभार, बस. मग नवी ओळ. त्यात णबाईचं नाव, कुमारी वगैरे लावून, अगदी पूर्ण. पुढे मी वाचत गेले, "यांनी अत्यंत आपुलकीने टंकलिखित प्रती तपासल्या, बस. त्यांच्या ऋ-टक्-नातच राहणे मला आवडेल, बस."

मी थांबले.

असं लिहायची रीत असते, हे मला तेव्हा कुठं माहीत? पुढे शंभर पुस्तकांत वाचलं, सगळेच सगळ्यांच्या ऋणात राहायला तयार असतात. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच. ह्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या ऋणात राहायचंय. राहायचंय ते राहायचंय, वर आवडेल! आणि ते मीच वाचायचं, वेलांट्यांसकट. त्या पानावर हेडमास्तर होते, पोरं होती, ती होती. घामाघूम होऊन 'थांब' नि 'बस' करत बसलेली बाई कुठंच नव्हती. घरच्या माणसाचे आभार कुणी मानत नाही, हेही कळतं मला. पाटावर बसलेला माणूस पाटाचे आभार मानत नाही. पण तरी.

"पुढे," हे म्हणाले. डोळे पानावर, बोट पानावर.

पुढे काही नव्हतं. माझ्या हातातल्या पानावर खाली कोरी जागा होती आणि त्यांची सही. मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि वाचलं. अगदी आधीच्याच आवाजात, न चढता, न उतरता, अगदी छापील भाषेत.

"माझ्या पत्नीच्या, दुसरी वेलांटी, तर मी जन्मभराच्या ऋ..."

आणि पळी उचलायच्या आधीच तो आला. जीभ आपोआप उलटी झाली, टाळ्याला लागली. "...ऋणात आहे. बस."

पळी हवेतच राहिली.

मी कागदावरची नजर काढली नाही. आता हे म्हणतील, परत वाच. म्हणतील, दाखव बघू कुठंय ते. माझ्या कानशिलावरून घाम खाली आला. पण "परत वाच" काही आलं नाही. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. हळूच बघितलं तर ह्यांनी तिच्या ओळीनंतर छोटंसं छप्पर काढलं होतं आणि वर लिहीत होते. एक शब्द विसरले नाहीत. मग कार्बनची दुसरी प्रत. मग तिसरी. शाईवर फुंकर मारली. माझ्या हातातलं हस्तलिखिताचं पान घेतलं, त्याच्याकडे न बघता चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"ह्या टायपिस्टनं फार गाळलंय," एवढंच म्हणाले.

मी उठायला लागले, आमटी लागत होती आत.

"बस," हे म्हणाले.

तो काही पूर्णविराम नव्हता. मी बसले. आमटी लागली.

णबाई परत आली ती पेढे घेऊनच. जमलं होतं. लांब पडणार होती, सोलापूरला; देवाने माझं ऐकलं, आणि मला जरा चुटपुट लागली की एवढं लांब मी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात प्रबंध बांधून आलेला, कापडी पुठ्ठ्याचा. तिने पहिलं पान उघडलं ते ऋणनिर्देशाचंच. स्वतःचं नाव बघून खुलली, मग त्यापुढच्या शाईच्या ओळीवर बोट फिरवलं. मला वाटलं आता ती लाल पेन्सिल मागते की काय.

"वहिनी, ही ओळ हाताने का?"

"टायपिस्टनं गाळली व्हती."

"हो का?" तिने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "एकही चूक नाही हं पण."

"नसनारच," मी म्हटलं आणि तिच्या हातातून प्रबंध काढून घेतला. "तुमची वळ टाइपची हाय, बाई. माझी ह्यांच्या हातची हाय."

एवढ्याशा वाक्यात माझे सगळे 'ण' आणि 'आहे' पळून गेले होते, पण त्या दिवशी कुणीच काही सुधारलं नाही. पेढा मात्र मी तिचा दोनदा घेतला.